टेबलाला आवळायचा बूम आर्म की जमिनीवरचा स्टँड?

खरज (फोंडा)

चवथ जवळ आली की आरत्या, भजनं घरीच रेकॉर्ड करायचे बेत सुरू होतात. माईकवर पैसे जातात आणि उरलेल्यात टेबलाला आवळायचा स्प्रिंगवाला आर्म येतो. माझ्या मते तो आर्म आपल्या कामाचाच नाही. त्याऐवजी बिडाच्या गोल तळाचा जड स्टँड घ्या.

टेबल म्हणजे ढोलकच. त्यावर लॅपटॉपचा पंखा फिरतो, माऊस आपटतो, हात टेकतो, आणि हे सगळं क्लॅम्पमधून थेट माईकपर्यंत चढतं. त्यात क्लॅम्प लागतो फळीच्या कडेला, म्हणजे जिथे फळी सगळ्यात जास्त लवते तिथे.

दुसरी अडचण स्प्रिंगची. रोड कंपनीचा जुना पीएसए१ आर्म ७०० ग्रॅम ते १.१ किलो वजनासाठी आहे. शुअर एसएम७बी माईक ७६५ ग्रॅमचा, तो त्यावर बरोबर बसतो. पण एसएम५८ भरतो २९८ ग्रॅम आणि रोड एनटी१-ए ३२६ ग्रॅम. असला हलका माईक लावला की आर्म आपोआप वर जातो. मग लोक सांधे पिळून घट्ट करतात आणि महिन्याभरात सांध्याचे आटे गेलेले असतात.

आणि मुख्य म्हणजे आपले वादक सतरंजीवर बसतात. तबला, घुमट आणि शामेळ (ही दोन गोव्याची चर्मवाद्यं), हार्मोनियम यांची उंची जमिनीपासून हातभर. टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच. आर्म तिथून खाली आणायचा कसा?

डबिंगवाला (पणजी)

असहमत. तुम्ही सतरंजीवरच्या बैठकीचा निकष सगळ्या घरगुती रेकॉर्डिंगला लावताय. फ्लॅटच्या दहा बाय दहाच्या खोलीत निवेदन, ऑडिओबुक, पॉडकास्ट करणाऱ्याने जमिनीवरचा स्टँड ठेवायचा कुठे? चाकाच्या खुर्चीची धडक त्याला दिवसातून चार वेळा बसते. शिवाय माईक टेबलाच्या पलीकडून तोंडापर्यंत आणायचा तर बूम, म्हणजे स्टँडचा आडवा दांडा, पाऊण मीटर पुढे काढावा लागतो, आणि जड तळाचा सगळा फायदा तिथेच संपतो.

वजनाचा मुद्दा जुना झाला. पीएसए१+ हा आर्म ९४ ग्रॅमपासून १.२ किलोपर्यंत पेलतो. जुनाच आर्म असेल तर माईकच्या मानेजवळ जरा वजन बांधायचं. शॉक माउंट, म्हणजे माईक इलॅस्टिकवर झुलता ठेवणारं कडं, लावलं तरी वजनाचा बराच फरक भरून निघतो.

टेबलाच्या कंपनावरही इलाज आहे. क्लॅम्प फळीच्या मधल्या कडेला न लावता टेबलाच्या पायाच्या डोक्यावर लावा. पार्टिकल बोर्डची फळी असेल तर क्लॅम्पच्या जबड्याखाली भुसा होतो, म्हणून वर-खाली १० बाय १० सेंटिमीटरचे ६ मिमी प्लायचे तुकडे द्या. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नका. स्प्रिंग टणत्कारत असेल तर तिच्या पोटातून स्पंजची बारीक पट्टी ओवा, आवाज बंद होतो. राहिलेली घरघर ८० हर्ट्झच्या हाय-पासने, म्हणजे त्याखालचा आवाज गाळणाऱ्या फिल्टरने, कापा.

खरज (फोंडा)

हाय-पास निवेदकाला चालेल. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर बहुधा ८० च्या वरच असतो. डग्ग्याची आणि घुमटाची घुमारी मात्र त्याच्या आसपास आणि खालीही जाते. तिथे ८० ला कात्री लावलीत तर घुमटाचा डबा होतो. शिवाय टेबलावर आपटलेल्या हाताचा ठोका फक्त ८० च्या खाली नसतो. तो दोनशे-तीनशे हर्ट्झपर्यंत पसरलेला असतो आणि तो आवाजाच्याच पट्ट्यात येतो. फिल्टरने तो जात नाही.

तीनसुती (म्हापसा)

दोघांनी अंदाजाने भांडण्यापेक्षा आकडे मांडू.

माईक, शॉक माउंट, केबलचं टोक मिळून १ किलो धरा. बूम दांड्यापासून ७० सेंटिमीटर बाहेर. बूमचं स्वतःचं वजन सोडून देतो, म्हणजे प्रत्यक्षात परिस्थिती याहून वाईट असणार.

गोल तळ २५ सेंटिमीटर व्यासाचा, दांड्यासकट ५ किलो. स्टँड तळाच्या कडेवर कलंडतो, म्हणून अंतरं कडेपासून मोजायची. पाडणारा जोर १ × (७० − १२.५) = ५७.५ किलो-सेंटिमीटर. सावरणारा ५ × १२.५ = ६२.५. उभा राहील, पण केबलला पाय लागला की आडवा.

आता तीन पायांचा स्टँड, ३ किलो, पाय दांड्यापासून ३३ सेंटिमीटर लांब. बूम बरोबर एका पायाच्या डोक्यावर असेल तर पाडणारा १ × (७० − ३३) = ३७, सावरणारा ३ × ३३ = ९९. भक्कम. तोच बूम दोन पायांच्या मधोमध आला की कड, म्हणजे त्या दोन पायांची टोकं जोडणारी रेषा, १६.५ सेंटिमीटरवर येते. पाडणारा ५३.५, सावरणारा ४९.५. म्हणजे हात न लावता पडणार.

म्हणून खरज बाब, बूम लावायचा असेल तर तुमचा जड गोल तळ हलक्या तिपाईपुढे हरतो. अट एकच, पाय बूमच्या खाली फिरवून घ्यायचा. सरळ दांडा, गायक समोर उभा, बूम नाही, तर गोल तळ उत्तम. जागा कमी खातो आणि पायात येत नाही.

अजून एक. लोक वाळूची पिशवी पायांवर टाकतात. २ किलोची पिशवी दांड्याच्या बुडाशी ठेवली तर मधोमध बूमच्या स्थितीत सावरणारा जोर ३३ ने वाढतो. त्याऐवजी १ किलो वजन बूमच्या मागच्या शेपटीला, दांड्यापासून २५ सेंटिमीटरवर बांधलं तर ४१.५ मिळतात. निम्म्या वजनात जास्त काम, आणि बूमच्या क्लचवरचा ताणही उतरतो. क्लच म्हणजे बूम जिथे दांड्याला पकडतो तो सांधा. स्वस्त स्टँडमध्ये पहिला मरतो तो हाच.

खरज (फोंडा)

हिशोब मान्य. पण वादकांच्या बैठकीत तो पाय नेमका ठेवायचा तिथे कुणाची तरी मांडी असते. पाय फिरवता येत नाही तेव्हा तिपाईचं गणित उलटतं. गोल तळाला दिशा नाही, हा माझा मुद्दा अजून उभाच आहे.

चिरेबंदी (डिचोली)

टेबलही नको, जमीनही नको. भिंतीला ब्रॅकेट मारा आणि त्यावर आर्म. पावलांचा दणका नाही, खुर्चीची धडक नाही, पडायचा प्रश्नच नाही. जुन्या घरात वरच्या मजल्यावर फळ्यांची जमीन असेल तर याशिवाय मार्गच नाही, कारण कुणी शेजारून चाललं तरी स्टँड डोलतो.

चिऱ्याच्या भिंतीला एवढं लक्षात ठेवा: चिरा मऊ आणि सच्छिद्र. ८ मिमीचा आखूड प्लग गिलाव्यात बसतो आणि गिलाव्यासकट बाहेर येतो. १० मिमी जाडीचा, १०० मिमी लांबीचा घ्या. ड्रिल हॅमरवर न ठेवता साध्या फिरकीवर चालवा, नाहीतर भोक १२ मिमीचं होऊन बसतं. दोन चिऱ्यांमधल्या सांध्यात तर मारूच नका.

डबिंगवाला (पणजी)

भाड्याच्या घरात मालक भोक पाडू देईल का? आणि भिंत शांत असते हे गृहीतक आहे. पाण्याची मोटर, शेजाऱ्याचा मिक्सर, जिन्याचं दार, सगळं भिंतीतून चालतं. स्टँडखाली निदान काहीतरी अंथरता येतं, ब्रॅकेटखाली काय अंथरणार? तळमजल्यावर थेट मातीवर घातलेला कोबा असेल तर त्याच्याइतकी शांत जागा घरात दुसरी नाही. हे मी आर्मचा पक्ष घेऊनही सांगतो.

काणकोणकार (काणकोण)

सगळे लोखंडाबद्दल बोलताय आणि शॉक माउंटला कुणी नीट हात घातला नाही. माझ्या मते स्टँडवरचे निम्मे पैसे वाचवून ते तिथे घालावेत.

पण ते माईकच्या वजनाला जुळायला हवं. माईक अडकवल्यावर इलॅस्टिक किती खाली बसतं ते मोजा. १ मिमी बसलं तर झुल्याची स्वतःची कंपनसंख्या साधारण १६ हर्ट्झ, ५ मिमी बसलं तर ७ च्या आसपास. कंपनांची अडवणूक सुरू होते ती या आकड्याच्या दीडपटीच्या वर. म्हणजे जड माईकसाठी केलेल्या ताठ झुल्यात हलका माईक ठेवला तर तो जेमतेम बसतो आणि पावलांचा खालचा दणका तसाच आत येतो. उलट हलक्या झुल्यात एसएम७बी ठेवला तर तो कड्याला टेकतो, मग झुला असून नसल्यासारखा. एसएम७बीला तशी गरजही कमी, त्याच्या आत कॅप्सूलचं (आवाज टिपणाऱ्या भागाचं) स्वतंत्र निलंबन असतं.

आणि नव्वद टक्के लोक करतात ती चूक: केबल माईकमधून निघून ताठ खाली दांड्याला बांधलेली. मग दांड्याचं कंपन झुल्याला वळसा घालून केबलवरून माईकमध्ये. प्लगपासून १०-१५ सेंटिमीटरचा सैल फास सोडा, तो कुठे टेकत नाही ना ते पाहा, आणि त्यानंतरच वेल्क्रोने दांड्याला बांधा.

तीनसुती (म्हापसा)

नव्वद टक्के कुठून मोजले ते सोडू, पण केबलचा मुद्दा शंभर टक्के. शॉक माउंटवर निम्मे पैसे हे मात्र पटत नाही. क्लच घसरत असेल तर झुला कितीही भारी असो, गाण्याच्या मध्यावर माईक नाक खाली घालतो.

घसरणारा क्लच फेकू नका. नॉब काढा, आतली रबरी किंवा फायबरची चकती बाहेर घ्या. दमट हवेत आणि हाताच्या तेलाने ती गुळगुळीत झालेली असते. दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, परत बसवा. तिथे तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारायचं नाही. बूम हलवायचा तर आधी नॉब सैल करा. घट्ट असताना ओढला की चकती परत घोटली जाते, आणि नॉब पक्कडीने आवळला की आतले जस्ताच्या ओतीव धातूचे आटे उतरतात.

चिरेबंदी (डिचोली)

गोल तळ विकत कशाला घ्यायचा? फॅब्रिकेटरकडून ३०० मिमी व्यासाची, १२ मिमी जाडीची लोखंडी प्लेट कापून घ्या. साडेसहा किलोच्या वर भरते. मध्ये अर्ध्या इंची जीआय पाइप, वर बोल्ट वेल्ड. वेल्डिंगच्या तापाने प्लेट किंचित वाकते आणि डुगडुगते, म्हणून खाली तीन रबरी गुट्टे चिकटवा. तीन टेकू कधी डुगडुगत नाहीत.

तीनसुती (म्हापसा)

डुगडुगत नाहीत, पडतात. तीन गुट्टे १४ सेंटिमीटरवर लावलेत की दोन गुट्ट्यांमधली कड मध्यापासून फक्त ७ सेंटिमीटरवर येते. ३० सेंटिमीटरची प्लेट घेऊन १४ सेंटिमीटरच्या प्लेटचा आधार मिळाला. पाच गुट्टे लावा, कड ११ च्या पुढे जाते. डुगडुग एका गुट्ट्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घालून काढा.

वरच्या बोल्टचंही फॅब्रिकेटरला सांगा. फॅब्रिकेटर हाताला येईल तो एम१० लावतो. तो १० मिमीचा, माईकच्या क्लिपमधलं पितळी बूच ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिमीचं. जाणारच नाही, आणि जबरदस्ती केली तर पितळेचे आटे कापले जातील. हार्डवेअरच्या दुकानात तीन सुती बोल्ट मागा, इंचाला १६ आट्यांचा. तो नीट बसतो. पाच सुती मात्र तिथून आणू नका. माईक स्टँडच्या ५/८ ला इंचाला २७ आटे असतात, दुकानातल्या बोल्टला त्याहून खूपच कमी. ५/८ ची क्लिप असेल तर ३/८ चं पितळी बूच आत फिरवा, रुपयाचं नाणं त्याच्या खाचेत बरोबर बसतं.

काणकोणकार (काणकोण)

किनारपट्टीवाल्यांनी त्या प्लेटला रेड ऑक्साइड आणि वर इनॅमलचे दोन हात मारावेत, वेल्डच्या सांध्यात विशेष. क्रोम केलेला चकचकीत दांडा समुद्रालगतच्या घरात घेऊ नका. क्रोमला ठिपके पडतात, खालून गंज फुगतो आणि सरकणारी नळी अडकते. पावडर कोटिंगचा काळा बरा. आर्मच्या उघड्या स्प्रिंगवर पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवा, सांध्यांना न लागता. झुल्याचं इलॅस्टिक उन्हाच्या खिडकीत ठेवलं तर चिवटपणा जातो. फोमची टोपी जून ते सप्टेंबर माईकवर ठेवू नका, बुरशीचा वास गायकाच्या थेट नाकात.

नवीन_घुमटकार (केपे)

वाचून गोंधळलो. दोन एसएम५७ आहेत, घुमट आणि शामेळ, वादक खाली बसून. गायक तिसरा, त्याचा माईक वेगळा आहे. काय घेऊ?

खरज (फोंडा)

वाद्यांना दोन बुटके स्टँड, गोल जड तळाचे, आखूड बूमसकट. एसएम५७ जेमतेम २८४ ग्रॅमचा आहे आणि बूम ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त काढावा लागत नाही, त्यामुळे वरचं गणित इथे तुमच्या बाजूने आहे. घुमटाच्या कातड्यापासून २०-२५ सेंटिमीटर, जरा तिरका. उघड्या तोंडासमोर माईक धरू नका, तळहात तोंडावर पडला की हवेचा झोत फट्‌ करून लागतो.

डबिंगवाला (पणजी)

वाद्यांपुरतं खरज यांच्याशी सहमत. गायकाला मात्र उंच तिपाई घ्या, गोल तळ नको, तो उभा राहून झुलणार. पायांची रबरी टोपणं आत्ताच तपासा. एक जरी हरवलं असेल तर उघडी नळी लाद्यांवर खरखरते. औषधांच्या दुकानात म्हाताऱ्यांच्या काठीची रबरी बुटं मिळतात, पायाची नळी मोजून घेऊन जा.