नागपूर–मुंबई विमान: ६९० किमीला दीड तास काहून?

देवळीकर: नागपूर–मुंबई हवाई अंतर ६९० किमीच्या आसपास दाखवते. विमान तासाला ८०० नं जाते म्हणतात, म्हणजे पन्नासेक मिनिटं. तिकिटावर मात्र १ तास ३५ मिनिटं. खरं काय धरायचं? सकाळी १०.४० चं विमान आहे, आईबाबा पहिल्यांदाच चालले. देवळीहून कधी निघावं, अन् मुंबईत घ्यायला येणाऱ्याला कितीची वेळ सांगावी?

पंखापाती: अंतर बरोबर आहे भाऊ, अक्षांश-रेखांशावरून ६८० ते ६९० किमीच भरते. पण ८०० चा वेग फक्त वर गेल्यावरचा. चढायलाच वीसेक मिनिटं जातात, उतरणं मुंबईच्या १८०-२०० किमी अलीकडे सुरू होते. १०,००० फुटांखाली वेगाला २५० नॉटची मर्यादा, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमी. त्यामुळे हवेतला वेळ तास-सव्वा तास धरा.

तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. नागपुरात विमान जागचं हललं तिथपासून मुंबईत जागेवर उभं राहीपर्यंतची ती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. गर्दी झाली की विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या ती पंधरा-वीस मिनिटं आधीच धरून ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचते.

वाऱ्याचं लोक फार सांगतात. हिवाळ्यात वर पश्चिमेचा वारा असतो, मुंबईला जाताना तो समोरून येतो. ताशी १०० चा वारा धरला, तरी मधल्या ४०० किमीच्या सपाट टप्प्यात जाण्या-येण्याचा फरक सातेक मिनिटांचाच. येताना मात्र मुंबईहून बहुतेक वेळा समुद्राकडे उड्डाण घेऊन मागे वळावं लागते, त्यात थोडा फायदा खर्ची पडतो.

बुटीबोरी नाका: विमानतळ वर्धा रोडवरच आहे, सोनेगावला. तुमच्याकडून येताना शहरात शिरायचं कामच नाही. गाडीनं दीड-पावणेदोन तास धरा. बुटीबोरीला सकाळी कंपन्यांची गर्दी असते, ती अर्धा तास खाऊ शकते. सामान द्यायचं काउंटर बहुधा तासभर आधी बंद होते, म्हणजे ९.४० ला, पहिल्यांदा जाणाऱ्यांनी ८.४० ला पोचावं. तेव्हा पावणेसातला निघा, उशीर नको. घेणाऱ्याला १२.१५ नाही, पाऊण वाजताची वेळ सांगा. सामान पट्ट्यावर यायला वेळ लागते. टर्मिनल १ की २ हे तिकिटावर पाहून सांगा, नाहीतर तो एकीकडे अन् हे दुसरीकडे.

अंबानगरी: अमरावतीच्या बेलोऱ्याहूनही एप्रिल २०२५ पासून मुंबईची सेवा आहे. ते एटीआर, पंख्याचं विमान, वेग पाचशेच्या घरात. अंतर ५४० किमी, नागपूरपेक्षा कमी, तरी वेळ पावणेदोन तासांची! शिवाय रोज नसते, वेळापत्रक पाहूनच ठरवा.

देवळीकर: ठीक, पावणेसात पक्कं. सोबत शेंगदाण्याची चटणी अन् लोणचं द्यायचं होतं.

बुटीबोरी नाका: लोणचं घट्ट बांधून मोठ्या बॅगेत टाका, हातातल्या पिशवीत तेल दिसलं की अडवतात. चटणी चालते. सुकं खोबरं देऊ नका, ते पेट घेणारं म्हणून नाकारतात. पॉवर बँक हातातच, मोठ्या बॅगेत चालत नाही. अन् आईच्या पिशवीत काडीपेटी राहिली नाही ना, तेवढं पाहा.