वाडीवर लहान मुलं वाढवताना

कुणीतरी विचारलंय, तीन-चार वर्षांची पोरं घेऊन कोकणात गुहागरकडे वाडीवर कायमचं राहायला जावं का. जरूर जा! आमची दोघं इथेच वाढतायत. मे महिन्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडायला बसलो की धाकटी बिया वेगळ्या करते, कोपरापर्यंत लाल होते आणि तशीच हात चाटत आगरभर पळते. सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात घालायची, आमसुलं काळीभोर होईस्तोवर रोज तेच. तिला कंटाळा म्हणून येत नाही.

काजूच्या दिवसांत मात्र डोळ्यांत तेल घालून राहा. बोंडं खुशाल खाऊ देत, पण सोललेली नसलेली बी तोंडात जाता कामा नये. सालातल्या तेलाने कातडी भाजते. थोरल्याच्या ओठावरचा काळा डाग किती दिवस हटत नव्हता, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

आणि विंचू. लाकडांच्या ढिगात, चिऱ्यांच्या फटीत बसतो. चप्पल झटकूनच घालायची सवय आत्तापासून लावा. लाल विंचू लहान मुलांना फार बाधतो, तेव्हा मंत्रतंत्र नको, थेट दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवल्यापासून कितीतरी पोरं वाचली, पण वेळेत पोचायला हवं. जागा घेण्याआधी जवळच्या आरोग्य केंद्रापर्यंतचा रस्ता भर पावसात एकदा जाऊन बघाच.