ओढाळ आणि आरूढपतित

बंडखोर आणि गद्दार यांत फरक काय, या प्रश्नावर एवढी चर्चा झाली, पण आमच्या मराठवाड्यातला ‘ओढाळ’ कुणालाच आठवला नाही! आपल्या दावणीला कडबा असूनही दुसऱ्याच्या ज्वारीत तोंड घालणारं जनावर म्हणजे ओढाळ. आमच्याकडे अशी एक तांबडी गाय होती. आजोबांनी तिच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं. पळायला लागली की ते पुढच्या पायांवर आदळायचं. चार दिवसांत ती हळूच चालत जाऊन चरायला शिकली. १९८५चा पक्षांतरबंदी कायदा म्हणजे असंच लोढणं. त्याआधी १९६७ मध्ये हरियाणाच्या गयालाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि आपल्याला ‘आयाराम-गयाराम’ मिळाला.

‘फितूर’ला मात्र राजकारणापेक्षा कोर्टानं जास्त जगवलंय. साक्षीदार उलटला की आजही तो फितूरच होतो, गद्दार नाही.

रूढी मोडणाऱ्यांसाठीचा सगळ्यात बोचरा शब्द आमच्या पैठणशी जोडलेला आहे : आरूढपतित. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेला. आपेगावच्या विठ्ठलपंतांना तो चिकटला आणि मुलं ठरली ‘संन्याशाची पोरं’. शुद्धिपत्रासाठी ती पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, अशी परंपरा सांगते. बंड बापाचं, नाव पोरांना. त्यातल्याच एकाला आज आपण माउली म्हणतो, आणि आरूढपतित म्हणजे काय हे पैठणातही समजावून सांगावं लागतं.