‘हक्क-बिक्क नंतर, आधी साथ’ म्हणणाऱ्यांना उत्तर (जरा लांबलंय)

सातपूरचा टर्नर

नाशिकच्या कुंभाच्या तयारीवर काल ‘शिस्तप्रिय’ यांनी पोस्ट टाकली. थोडक्यात अशी: सिंहस्थाच्या गर्दीत पुन्हा साथ आली तर २०२०च्या कोरोनात केले तसे लाड नकोत. रुग्णाच्या दारावर ठळक बोर्ड, हातावर शिक्का, झोपडपट्ट्यांना पत्रे ठोका, परप्रांतीय दोन दिवसांत जिल्ह्याबाहेर काढा. शेवटी, “मेलेल्या माणसाला मानवी हक्क काय कामाचे?” खाली लोकांनी +१ ची रांग लावली. मला रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितोय.

आमच्या चाळीत १४ खोल्या आणि दोन संडास. जुलै २०२०मध्ये चौथ्या खोलीतल्या भाऊंचा रिपोर्ट आला आणि दारावर कागद चिकटला. दुसऱ्या दिवसापासून दूधवाला पिशवी कोपऱ्यावरच्या बांबूला अडकवून जायला लागला. नळावर बायकांनी वहिनींना सांगितलं, तुम्ही सगळ्यात शेवटी या. त्या रात्री अकराला पाणी भरायच्या. १४ दिवस झाले, भाऊ बरे झाले, कागद काही निघेना. वहिनींनी कालथ्याने खरवडला तर खालचा निळा रंगही निघाला. दारावर पांढरा चौकोन राहिला तो राहिलाच. पोरं त्या खोलीला ‘चौकोनवाले’ म्हणायची.

पुढच्याच आठवड्यात मला ताप आला. मी काय केलं? मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बायकोला म्हटलं, कुणी विचारलं तर पोट बिघडलंय सांग. चार दिवस पडून राहिलो, पाचव्या दिवशी कंपनीत. टेस्ट केली नाही. तो चौकोन माझ्या दारावर नको होता, बस.

१८९७च्या प्लेगमध्ये हेच झालं होतं. घरात घुसून झडत्या घेतल्या आणि लोक रुग्णच काय, मढीसुद्धा लपवायला लागले. साथरोग कायदाही त्याच साली केलेला, आणि १३ मार्च २०२०ला आपल्याकडे लागू केला तोही तोच. माणसाची अब्रू काढली की माणूस लपतो, आणि लपलेल्या माणसाकडून साथ पसरते. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये.

शिस्तप्रिय

म्हणजे तुम्ही ताप घेऊन कंपनीत गेलात आणि वर आम्हाला माणुसकी शिकवताय. वा.

आता माझं ऐका. नाशिकरोड, एप्रिल २०२१. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबात मुलाला लागण झाली होती. रिपोर्ट त्यांच्या मोबाईलमध्ये होता, सांगितलं नाही कुणाला. त्या आठवड्यात आई त्यांच्या सुनेबरोबर गच्चीवर कुरडया घालत होती. चीक हाटायला दोघी शेजारी शेजारी. अकराव्या दिवशी आई गेली. बेडसाठी मी किती फोन केले ते विचारू नका. अमरधामला नंबर लागायला रात्र झाली आणि तोंड बघायला मिळालं ते पिशवीची चेन चार बोटं उघडून. तेव्हा कुठे होते तुमचे हक्कवाले? दारावर बोर्ड असता तर आई गच्चीवर गेली नसती. एवढं साधं आहे.

सातपूरचा टर्नर

शिस्तप्रिय, आईबद्दल खरंच वाईट वाटलं. मी गेलो ते चूकच होतं आणि ते मी लिहिलंच आहे, लपवलं असतं तर तुम्हाला कळलंही नसतं. पण त्या मुलाने रिपोर्ट का लपवला असेल, हे एकदा तरी स्वतःला विचारा. आणि चेन चार बोटं उघडली म्हणताना तुम्हाला जो त्रास होतोय ना, तोच सन्मानाचा प्रश्न. मे २०२१मध्ये मानवाधिकार आयोगाने मृतांच्या सन्मानाबद्दल राज्यांना सूचना पाठवल्या त्या ह्याचसाठी. ते ‘हक्कवाले’च होते.

शिस्तप्रिय

म्हणजे माझ्या आईच्या मरणाला त्या कार्ट्याचा खोटेपणा नाही, तर सरकारी कागद जबाबदार? तोंड सांभाळून लिहा जरा.

पिंपळगावकर

द्राक्षबागायतदारांच्या मानवी हक्काबद्दल कुणी बोलणार आहे का? मार्च २०२०मध्ये माल तयार, व्यापारी गायब, मजूर गायब. माझा अख्खा प्लॉट बेदाण्याला गेला. सन्मान म्हणे.

कोर्टकचेरी

बोर्डाचा वाद संपवतो. ९ डिसेंबर २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, रुग्णाच्या घराबाहेर पोस्टर लावायचं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश काढला असेल तरच. केंद्राने स्वतः कोर्टात सांगितलं होतं की आमच्या नियमात पोस्टर नाहीच. हातावरचा शिक्का मात्र राज्याचा, मार्च २०२०चा, डाव्या हातावर, निवडणुकीच्या शाईने. शिस्तप्रिय, तुमच्या पोस्टमधली बोर्डाची मागणी इथेच बाद होते. (पिंपळगावकर, तुमचा वेगळा धागा काढा, मी येतो.)

इंदिरानगरची मीनल

कायदा ठीक आहे हो, पण सोसायटी चालवणाऱ्यांनाही विचारा कधीतरी. मी तेव्हा कमिटीवर होते. ४८ फ्लॅट, त्यात सत्तरीच्या वरचे वीस जण. मोलकरणी बंद केल्या तर आम्ही दुष्ट, चालू ठेवल्या आणि कुणाला काही झालं तरी आम्हीच दुष्ट. बहुतेकांनी घरबसल्या पूर्ण पगार दिला, हेही लिहा.

वडाळागाव_७

मीनलताई, बहुतेकांनी म्हणजे किती जणांनी? माझी आई चार घरी जायची, प्रत्येकी १२०० रुपये. सोसायटी तुमची नसेल, पण तुमच्याच भागातली आहे. एका घराने दोन महिने पूर्ण पगार दिला, त्यांचं नाव आई अजून काढते. दोघांनी अर्धा. चौथ्या काकूंनी मार्चचे केलेल्या कामाचेही दिले नाहीत. २१ तारखेपर्यंत आई गेली होती, २२ला जनता कर्फ्यू. नंतर फोन उचलला नाही.

आणि जूनमध्ये परत बोलावलं तेव्हा गेटवर पाटी, ‘कामवाल्यांनी लिफ्ट वापरू नये’. सातवा मजला. आईचे गुडघे तेव्हाही दुखायचे. चौथ्या मजल्यावरच्यांचा लॅब्राडोर लिफ्टने खाली येताना आईला रोज जिन्यात ऐकू यायचा. कुत्र्याला चालत होती लिफ्ट.

इंदिरानगरची मीनल

लिफ्टचा नियम आमच्याकडेही होता, नाकारत नाही. बंद जागा, हवा खेळत नाही, डॉक्टरांनीच सांगितलं होतं एका वेळी एकच जण. सगळ्यांवर एकच चष्मा लावू नका.

वडाळागाव_७

एका वेळी एकच जण हा नियम वेगळा आणि कामवाल्या नकोत हा वेगळा. आई एकटीच चढायची ना जिना?

पंचवटीचा जावई

बघता बघता धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण. कुंभापासून लॅब्राडोरपर्यंत आलो. चहा ठेवलाय, चालू द्या.

इंदिरानगरची मीनल

जावईबापू, तुम्हाला गंमत वाटते. तेव्हा घरून काम, मुलांची ऑनलाइन शाळा, सासूबाईंचं पथ्य आणि भांडी हे सगळं मीच करत होते. आम्हा बायकांच्या सन्मानाबद्दल आजवर एक धागा निघालेला नाही.

वडाळागाव_७

ताई, तुमची भांडी तीन महिने. आईची पंचवीस वर्षं.

विल्होळी नाका

परप्रांतीय दोन दिवसांत बाहेर काढा म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मे २०२०मध्ये आग्रा रोडवर एक दुपार उभं राहायला हवं होतं. ते आपले आपण जातच होते की, पायी. मुंबईहून कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, इथून आडगाव, पुढे चांदवड, मालेगाव. आम्ही सहा मित्र खिचडी आणि पाणी द्यायचो. तिसऱ्या दिवशी कळलं की खिचडीपेक्षा चपला लागतात. एका पोराने पायाला चेपलेल्या बिसलेरीच्या बाटल्या सुतळीने बांधल्या होत्या. शालिमारच्या एका दुकानदाराने शटर अर्धं उघडून माल दिला. सात नंबर पहिल्या तासात संपला. १ मेच्या रात्री नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली आणि त्यानंतरच्या आठवड्यातच करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली १६ मजूर मेले. काढायची गरज नव्हती हो, पोहोचवायची होती.

मोसम काठ

मालेगावचं कुणी काढलंच नाही अजून, आश्चर्य आहे! मी तिथलाच. मे २०२०मध्ये, मालेगावात साथ जोरात असताना, वडिलांना डायलिसिसला नाशिकला आणलं. आधार कार्डावरचा पत्ता बघून दोन ठिकाणी रिसेप्शनवरूनच परत पाठवलं. ताप नाही, खोकला नाही, फक्त पत्ता. दारावरच्या बोर्डाचं काय घेऊन बसलात, अख्ख्या गावावर बोर्ड होता. तिसऱ्या ठिकाणी घेतलं, तेही ओळखीने.

शिस्तप्रिय

दिवसभर वाचतोय. मोसम काठ, तुमच्या वडिलांशी वागले ते चूक. परप्रांतीयांचं वाक्य मी रागात लिहिलं होतं, मागे घेतो. पत्र्यांचं नाही. आणि टर्नरसाहेब, बोर्ड नको म्हणता तर नको, पण शेजाऱ्याला कळायचं कसं तेवढं सांगा. ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

सातपूरचा टर्नर

बरोबर आहे, नाही सांगितलं. आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची आशा सेविका, फोन करून वरच्या-खालच्या घरांना सांगू शकली असती. आमच्याकडे ज्या आशाताई यायच्या त्यांना सगळे घाबरत नव्हते, कागदाला घाबरायचे. आणि टेस्ट करून माझे जे दिवस बुडाले असते त्याची मजुरी कुणी दिली असती तर मीही टेस्ट केली असती. कंपनीत काम नाही तर दाम नाही होतं. तुमच्या खालच्या घराचं मला माहीत नाही.

शिस्तप्रिय

मुलगा रिक्षा चालवायचा. एवढंच सांगतो. पुढे काही लिहू नका.

कोर्टकचेरी

वडाळागाव_७, हिशेब करून ठेवलाय. १२०० भागिले ३१ गुणिले २१, ८१३ रुपये होतात. नोटीसचा मसुदा फुकट देतो.

इंदिरानगरची मीनल

नोटीस कशाला? सोसायटी कुठली ते मला खासगीत कळवा, तिथली सेक्रेटरी माझ्या भिशीत आहे. निघतात का बघते पैसे. आणि ती लिफ्टची पाटी... आमच्याकडची २०२२पर्यंत तशीच होती. काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

वडाळागाव_७

आईला विचारलं आत्ता. म्हणाली, पैशाचं राहू दे आता. त्यांच्याकडे माझा स्टीलचा डबा राहिलाय, झाकणावर नाव घातलेला. तो मिळतो का तेवढं बघायला सांग त्या ताईंना.