थंडीत अॅग्लोनेमाची पानं काळपट पडतायत, आत्ताच कटिंग करू का?

गच्ची_इंदिरानगर
तिसऱ्या मजल्यावरची उघडी गच्ची, पहाटे पारा 8-9 वर. अॅग्लोनेमा आणि डिफेनबेकियाच्या पानांवर पाणी भरल्यासारखे काळपट डाग पडलेत, क्रोटनची खालची पानं गळतायत. कुंडीत काळी माती आणि शेणखत, पाणी एक दिवसाआड. झाडं हातची जाण्याआधी शेंडे कापून रोपं करावीत का?

निफाडकर_रोपं
शेंड्यांना आत्ता हात लावू नका. डाग रोगाचे नाहीत, गारठ्याचे आहेत. अॅग्लोनेमाला 12-13 अंशांखाली सोसत नाही. पेशींची पटलं गळू लागतात, म्हणून पान आधी ओलसर आणि मग काळं दिसतं. बुरशीनाशक मारून उपयोग नाही.

निरभ्र रात्री उघड्यावरचं पान हवेपेक्षाही गार पडतं. म्हणून क्रोटन सज्जाखाली भिंतीलगत घ्या, बाकी दोन्ही घरात उजेडाच्या खिडकीशी. प्लास्टिक झाकलंत तर ते पानाला टेकू देऊ नका, सकाळी काढा.

खरा घात पाण्याने होतो. गारठ्यात मुळं पाणी जवळजवळ ओढत नाहीत, काळी माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या, तेही अकराच्या सुमारास. खत फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद. अर्धवट खराब पानं राहू द्या, हिरवा भाग अजून झाडाला पोसतोय.

कलम_आणि_कुंडी
सहमत. मुळं फुटायला माध्यमच (काडी ज्यात लावतो ती माती किंवा कोकोपीट) 21-24 अंश उबदार लागतं. आत्ता कापलेली काडी नुसती बसून राहते आणि सडते. क्रोटनसाठी जून-जुलैची गुटी, म्हणजे फांदी झाडावरच ठेवून तिला मुळं आणणं, सर्वांत खात्रीची. पेन्सिलीएवढ्या फांदीची 2 सेंमी साल गोल काढा, खालचा बुळबुळीत थर सुरीने खरवडा. हा थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळं येत नाहीत. वर आयबीए पावडर (मुळं फुटवणारं संप्रेरक), भिजवून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (शेवाळ) आणि प्लास्टिक, दोन्ही टोकं घट्ट बांधून. चार ते सहा आठवड्यांत मुळं प्लास्टिकमधून दिसतात.

गच्ची_इंदिरानगर
धन्यवाद. पण डिफेनबेकियाचं एक खोड बुडाशी मऊ लागतंय. त्याचं काय?

कलम_आणि_कुंडी
तेवढं मात्र आजच कापा, कूज वर चढते. हातमोजे घाला, चीक कातडीला झोंबतो आणि डोळ्यात गेला तर वाईट. आतला गर स्वच्छ पांढरट दिसेपर्यंत वर सरकत कापत जा, दर कापाला सुरी स्पिरिटने पुसा. निरोगी खोडाचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे करून एक दिवस सावलीत सुकवा. मग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) निम्मं-निम्मं घेऊन त्यात आडवे, अर्धे बुडतील असे ठेवा. खाली रोपांची हीट मॅट लावून 22-24 अंश राखा. कोकोपीट मुठीत दाबल्यावर थेंब पडला तर ते जास्त ओलं आहे.

निफाडकर_रोपं
आणि पानांचा शेंडा वेगळा, उभा लावा. तो आडव्या तुकड्यांच्या बराच आधी धरतो.