मदत हवी आहे: दादाला दारूच्या उपचारांसाठी तयार करायला घरच्यांनी एकत्र बसून कसे बोलावे?

नमस्कार. माझा मोठा भाऊ बरीच वर्षे रोज पितो. गटारी झाली की श्रावणभर तो बाटलीला हात लावत नसे, आणि 'मनात आणलं तर केव्हाही सोडीन' या त्याच्या म्हणण्याला घरात तेवढाच एक आधार होता. यंदा श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी आरतीचे तबक धरताना त्याचा हात इतका थरथरू लागला की निरांजन कलंडले आणि वहिनींना तबक काढून घ्यावे लागले. त्याच संध्याकाळी तो पुन्हा प्यायला.

आमच्या डॉक्टरांच्या मते रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, त्यामुळे ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडवावी लागेल. म्हणजे आईच्या पायावर हात ठेवून शपथ घ्यायला लावण्याचा मामांचा तोडगा बाद झाला. चहातून गुपचूप औषध देण्याचा सल्लाही पुष्कळांनी दिला, पण डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध नकळत दिले आणि वरून दारू पोटात गेली, तर जिवावर बेतू शकते. 'उचलून नेऊन टाका' म्हणणाऱ्यांना एवढेच सांगते की २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने संमतीविना दाखल करण्यावर कडक अटी घातल्या आहेत.

अमेरिकेतील मावसबहीण सुचवते की त्याला न सांगता सर्वांनी जमावे, एकेकाने पत्र वाचावे आणि उपचार नाकारल्यास काय होईल ते बजावावे. तिथल्याच न्यू मेक्सिकोत झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक तौलनिक अभ्यास मात्र वेगळे सांगतो. अशा बैठकीच्या मार्गाने सुमारे ३० टक्के व्यसनी उपचारांपर्यंत पोहोचले, कारण बहुतेक कुटुंबांनी आयत्या वेळी माघार घेतली. घरच्यांनाच बोलण्या-वागण्याचे प्रशिक्षण दिलेल्या गटात हे प्रमाण ६४ टक्के होते. आमच्याकडे तर चार वडीलधारे जमले की पंचायत बसते, आणि दादा चप्पल घालून निघून जाईल.

म्हणून मी, वहिनी आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र असे तिघांनीच, सकाळी तो शुद्धीत असताना बोलावे असे मला वाटते. आई असावी का, याबद्दल आमच्यात एकमत नाही; ती रडू लागली की विषय तिच्या रक्तदाबावर जातो. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रातील समुपदेशकांना आधी आम्हीच भेटावे, की १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलून सुरुवात करावी?

त्याच्या कार्यालयात 'ताप आलाय' असा फोन वहिनी नेहमी करतात. असा फोन यापुढे करणार नाही, हे त्यांनी याच बैठकीत सांगावे की दादा उपचारांना तयार होईपर्यंत थांबावे? नोकरी गेली तर दोन मुलांची फी कोण भरणार, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या घरी असे बोलणे झाले आहे त्यांनी पहिले वाक्य कोण बोलले, काय बोलले, आणि समोरचा 'नाही' म्हणाल्यावर पुढच्या आठवड्यात घरात कसे वागलात, हे कृपया सविस्तर लिहावे.