घरच्या कामासाठी पहिला सँडर कोणता घ्यावा?

मूळ मत (खानापूर)
सँडर म्हणजे पॉलिश पेपरने लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र. पहिले यंत्र घेताना बेल्ट सँडरच्या, म्हणजे पेपरचा अखंड पट्टा फिरवणाऱ्या यंत्राच्या, ताकदीला भुलू नये, १२५ मिलिमीटर चकतीचा रँडम ऑर्बिटल सँडरच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. घरी काम करणाऱ्याच्या हाती आमच्याकडे सागवान, फणस किंवा व्हिनियर (चांगल्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेला प्लाय असतो आणि त्यातून पाट, चौरंग, कपाट अशा वस्तू होतात. या यंत्राची चकती स्वतःभोवती फिरत असतानाच दोन-तीन मिलिमीटरच्या लहानशा कक्षेतही हलते, त्यामुळे तोच ओरखडा पुन्हा पुन्हा त्याच रेषेत पडत नाही आणि चौकटीच्या सांध्यावर, जिथे एका पट्टीच्या लाकडातील रेषा उभ्या तर दुसरीच्या आडव्या असतात, तिथेही निर्धास्तपणे घासता येते. बेल्ट सँडर व्हिनियरवर क्षणभर जरी रेंगाळला तरी मिलिमीटरहून पातळ असलेला तो थर उडून खालचा प्लाय उघडा पडतो आणि मग ती जागा कोणत्याही पॉलिशने झाकली जात नाही.

प्रतिसाद (निपाणी)
व्हिनियरपुरते आपले म्हणणे मान्य आहे, पण सगळेच व्हिनियरवर काम करीत नाहीत. लाकूड कापणाऱ्या गिरणीतून आणलेल्या फळीवर करवतीचे आडवे वळ असतात, ती थोडी बाकलेलीही असते आणि चार फळ्या जोडल्या की सांधे वरखाली होतात. ऑर्बिटलची गादी मऊ असल्याने ती खोलगट भागातही उतरते, म्हणजे फळी गुळगुळीत होते पण सपाट होत नाही. बेल्ट सँडरचा तळ सपाट आणि कडक असल्यामुळे तो आधी उंचवटेच कापतो. शिवाय आमच्याकडे जुन्या घरांची सागवानी दारे रंग काढण्यासाठी येतात, त्यांवर आपली चकती दिवसभर फिरवली तरी पेपर रंगाने बुजण्यापलीकडे काही होणार नाही.

प्रतिसाद (वडगाव, बेळगाव)
दोघांनीही साध्या शीट सँडरचा विचार केलेला दिसत नाही. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या पॉलिश पेपरचे चार तुकडे केले की त्यातला एक त्याच्या चिमट्यांत बसतो आणि चौकोनी तळामुळे खणाच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचता येते. तो संथ आहे, पण नवशिक्याच्या हातून त्याने लाकूड सहसा बिघडत नाही.

मूळ मत मांडणारा (खानापूर)
कोपऱ्यांचा मुद्दा रास्त आहे, परंतु तेवढे काम लाकडाच्या ठोकळ्याला पेपर गुंडाळून हातानेही होते. बाकलेल्या फळीसाठी रंधा आहे. जे काम पात्याचे, ते पेपरकडून करून घेऊ नये. जुन्या दारांबाबत मात्र मला गंभीर आक्षेप आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत आणणारा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला, तेव्हा त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते हे धरूनच चालावे. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि तिचा सर्वांत मोठा धोका लहान मुलांना असतो. तो रंग रिमूव्हरने मऊ करून, ओला असतानाच खरवडून काढावा. नुसत्या लाकडाची धूळही कर्करोगास कारणीभूत ठरते हे आंतरराष्ट्रीय संशोधनाने मान्य केलेले आहे. म्हणूनच मी वेगाइतकेच महत्त्व यंत्राला व्हॅक्यूमची नळी बसते की नाही याला देतो, आणि यंत्राला धूळ गोळा करणारी पिशवी असली तरी एन-९५ मास्क लावावाच.

प्रतिसाद (निपाणी)
रंगाविषयीचे म्हणणे मी स्वीकारतो. रंध्याविषयीचे नाही. सागवानात जिथे रेषा उलटसुलट फिरतात तिथे रंध्याने ढलप्या उखडतात, हे कोणताही मिस्त्री सांगेल. बेल्ट सँडर वापरणाऱ्याने फळीवर पेन्सिलीने आडव्या-तिडव्या रेघा ओढाव्यात, यंत्र टेकण्याआधी सुरू करावे, थांबवण्याआधी उचलावे आणि सर्वत्र रेघा सारख्याच पुसल्या जात आहेत का, हे पाहत राहावे. म्हणजे खड्डा पडत नाही. ऐंशी नंबरच्या खरखरीत पेपरने सपाटी आणल्यानंतर १२० आणि १८० नंबरच्या बारीक पेपरांसाठी आपला ऑर्बिटल मीही घेईन, पण दुसरा म्हणून.

मूळ मत मांडणारा (खानापूर)
दोन यंत्रे घेणाऱ्यासाठी हा क्रम योग्य आहे. एकच घेणाऱ्याला मी अजूनही ऑर्बिटलच सांगेन. त्यावर जोर देऊ नये, कारण दाबले की चकती फिरायची थांबते आणि लाकडावर गोल गोल वळे उठतात. यंत्राचे स्वतःचे वजन पुरेसे असते. आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात कागदी पाठीच्या चकत्या सादळतात, म्हणून त्या घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवाव्यात.